घरच्या संगणकाचे इंजिन आणि त्याची पोथी



कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून मुलांच्या खेळाच्या संगणकावर बोलावे, हे काही श्रोत्यांना विचित्र वाटेल. म्हणून कारण आधीच सांगतो. शिरूर तालुक्यात रांजणगाव आणि सणसवाडी येथे, दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे कारखाने उभे राहिले. त्या कारखान्यांत पाळीवर जाणारी पुष्कळ तरुण मंडळी पगारातून थोडे थोडे मागे टाकतात, सुटे भाग आणतात, आणि घरच्या घरी संगणक जोडतात. त्यावर रात्री खेळ खेळतात, शिकतात, कोणी चित्रपटांची जुळणी करतात. चार-सहा वर्षांनी हे यंत्र मंद वाटू लागते. मग दुकानदार सांगतो, 'हे जुने झाले, नवे घ्या.' या एका वाक्यात कामगाराचे दोन-तीन महिन्यांचे वेतन जाते. ते वाक्य दर वेळी खरे असते काय, हा आजचा प्रश्न आहे.

आणि खेळासाठी एवढा खटाटोप कशाला, असे वडीलधाऱ्यांनी विचारू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. ती सुट्टी केवळ झोपण्यासाठी नव्हती. कामाबाहेरचा वेळ माणसाने आपल्या मर्जीने घालवावा, हे त्या चळवळीचे तत्त्वच होते. कोणी भजनाला बसेल, कोणी कुस्ती बघेल, कोणी संगणकावर मोटार पळवील. आपण वळू या मुद्द्याकडे.

संगणकाची पेटी उघडली की आत एक मोठा हिरवा किंवा काळा तक्ता दिसतो. त्याला मदरबोर्ड म्हणतात. त्यावर एका चौकोनी खाचेत, पंख्याच्या खाली, एक लहान चकती बसवलेली असते. तो प्रोसेसर. सारे हिशेब तो करतो. खाचेला सॉकेट असे नाव आहे. दौंडच्या लोकांना हे समजावून सांगणे सोपे आहे. आपल्या स्टेशनात एके काळी वाफेची इंजिने आली, मग डिझेलची आली, आता विजेची येतात. रुळांमधले अंतर मात्र तेच, १६७६ मिलिमीटर. इंजिन बदलले, मार्ग राहिला. प्रोसेसर म्हणजे इंजिन आणि मदरबोर्ड म्हणजे रूळ, यार्ड आणि फलाट.

पण रुळांचे अंतर जुळले म्हणजे कोणतेही इंजिन कोणत्याही मार्गावर सोडता येते, असे नाही. पूल किती भार सोसतो, वळणावर वेग किती ठेवायचा, या इंजिनाला या विभागात परवानगी आहे की नाही, हे सर्व नियमांच्या पुस्तकात लिहिलेले असते, आणि स्टेशनमास्तर त्या पुस्तकावर चालतो. मदरबोर्डावरही असे एक पुस्तक आहे. ते कागदाचे नाही. एका लहानशा चिपमध्ये लिहून ठेवलेला तो कार्यक्रम आहे. त्याला फर्मवेअर म्हणतात, आणि लोकांच्या तोंडी त्याचे जुने नाव आहे, बायोस. मी त्याला पोथी म्हणेन.

ही पोथी काय करते? आपण बटण दाबतो तेव्हा प्रोसेसरला काहीच ठाऊक नसते. विंडोज कोठे आहे, स्मृतीच्या पट्ट्या किती आहेत, त्यांचा वेग काय, यांपैकी त्याला काही कळत नाही. पोथीतल्या सूचनांप्रमाणे सर्व अंगांची तपासणी होते, स्मृती जागी होते, प्रोसेसरला किती व्होल्टचा दाब द्यायचा ते ठरते, आणि मग डिस्कवरील विंडोजला हाक मारली जाते. एवढे झाले की पुढचा कारभार विंडोज पाहते. 'बायोस' हे नाव गॅरी किल्डॉल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९७५ च्या सुमारास आपल्या सीपी/एम या प्रणालीच्या एका भागाला दिले होते. आजच्या बोर्डांवर त्याची जागा यूईएफआय या नव्या रचनेने घेतली आहे. पण लोक जुने नाव सोडायला तयार नाहीत, आणि त्यात काही बिघडत नाही.

पूर्वी ही पोथी कायमची कोरलेली असे. पुढे अशा चिपा निघाल्या की ज्यांच्या काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश सोडला की लिहिलेले पुसले जाई. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश स्मृतीची कल्पना १९८४ साली जगापुढे मांडली, आणि चिप बोर्डावरून न काढता विजेनेच पुसून पुन्हा लिहिणे सोपे झाले. या सोयीबरोबर धोकाही आला. १९९८ साली तैवानमधील एका विद्यार्थ्याने सीआयएच नावाचा विषाणू लिहिला. २६ एप्रिल १९९९ रोजी तो जगभर जागा झाला आणि त्याने पुष्कळ यंत्रांतील पोथी पुसून टाकली. यंत्र धड, चिप धड, पण सुरू होईना. पोथीशिवाय बोर्ड म्हणजे नुसता पत्रा, हे त्या दिवशी सर्वांना कळले. पोथीला हात लावताना जी सावधगिरी बाळगायची तिचे मूळ येथे आहे.

आता आपल्या तरुणांच्या घरी जे यंत्र फार करून सापडते त्याचेच उदाहरण घेऊ. एएमडी कंपनीने मार्च २०१७ मध्ये रायझन नावाचे प्रोसेसर आणले. त्यांची खाच होती एएम४; प्रोसेसरच्या पोटाला १३३१ पिना. कंपनीने सांगितले की २०२० पर्यंत ही खाच बदलणार नाही. त्याप्रमाणे २०१८ मध्ये दुसरी पिढी आली, २०१९ मध्ये तिसरी आली. २०१७ सालच्या बोर्डावर नुसती पोथी बदलून नवे इंजिन बसवता येऊ लागले. त्याच सुमारास इंटेल कंपनीचा व्यवहार उलटा होता. तिच्या २०१७ च्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरचे संपर्कबिंदू पूर्वीइतकेच, म्हणजे ११५१ होते. तरी तो मागच्या बोर्डांवर चालू नये अशी व्यवस्था होती. नवा प्रोसेसर, म्हणजे नवा बोर्ड, असा तो हिशेब.

मे २०२० मध्ये एएमडीनेही तीच वाट धरली. येणारी नवी पिढी ४०० मालिकेच्या, म्हणजे बी४५० आणि एक्स४७० या बोर्डांवर चालणार नाही, असे तिने जाहीर केले. कारण दिले ते असे की पोथीची चिप लहान आहे. हे कारण अगदीच खोटे नव्हते. पुष्कळ बोर्डांवर ती चिप १६ मेगाबाइटची होती, आणि प्रत्येक पिढीच्या प्रत्येक प्रोसेसरची माहिती तीत ठेवायची म्हणजे जागा पुरेना. काही बोर्डकर्त्यांनी तर जागा करण्यासाठी पोथीतील सुंदर चित्रे काढून टाकली होती. पण ज्यांनी वर्षभरापूर्वीच, पुढे इंजिन बदलता येईल या भरवशावर बोर्ड घेतले होते, त्यांच्या दृष्टीने हा शब्द मोडणे होते.

पुढे काय झाले ते संघटनेच्या माणसाने मुद्दाम सांगावे असे आहे. जगभरच्या ग्राहकांनी एकाच वेळी एकच तक्रार केली, आणि दोन आठवडे उलटण्यापूर्वी कंपनीने निर्णय फिरवला. अट एवढीच घातली की या बोर्डावर नवी पोथी चढवली की काही जुन्या प्रोसेसरांची ओळख तीतून जाईल, आणि मागे फिरता येणार नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये रायझन ५००० ही पिढी आली. पुढच्या वर्षी ४०० मालिकेच्या पोथ्या येऊ लागल्या. आणि २०२२ साली, मूळ २०१७ च्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही ती परवानगी मिळाली. म्हणजे चिपेची अडचण खरी असली तरी सुटण्याजोगी होती. मालक जेव्हा 'अशक्य आहे' असे म्हणतो तेव्हा त्यातला किती भाग यंत्राचा आणि किती भाग नफ्याचा, हे वेगळे करून पाहावे. कारखान्यातही हेच आणि घरातही हेच.

या गोष्टीचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल संपली. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत रायझनची पहिली पिढी नाही. दुसरीपासून पुढे आहे. म्हणजे २०१७ चा रायझन ५ १६०० बसवलेले यंत्र उत्तम चालत असूनही 'बाद' ठरले. त्याच बोर्डाची पोथी बदलून त्यावर रायझन ५ ५६०० किंवा रायझन ७ ५७००एक्स बसवला, तर तेच यंत्र यादीत येते. बोर्ड, पेटी, स्मृतीच्या पट्ट्या, वीजपुरवठ्याची पेटी, ग्राफिक्स कार्ड, सारे जुनेच. खर्च एका अंगाचा.

हा विचार गरिबाची जुळवाजुळव आहे असे कोणी समजू नये. आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला जी प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या ३० तबकड्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत. तिची सुधारणा झाली तेव्हा तबकड्या मोडल्या नाहीत. संदेश घेणारी आणि हिशेब करणारी अंगे बदलली, आणि एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकणारी दुर्बीण ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकू लागली. मौज अशी की त्या हिशेबाच्या कामात ग्राफिक्स प्रोसेसर आहेत. ही जात मूळ वाढली ती खेळातील चित्रे भराभर काढण्यासाठी. आपली मुले ज्या जातीचे कार्ड पेटीत बसवतात, त्याच जातीची भावंडे तिकडे आकाशाचा हिशेब करतात.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सर्वांत आधी प्रोसेसर बदलण्याची गरज आहे काय ते पाहावे. खेळ चालू असताना कोणते अंग किती राबते हे विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दिसते. ग्राफिक्स कार्ड सतत शंभर टक्क्यांच्या जवळ राबत असेल, तर अडथळा कार्डाचा आहे; प्रोसेसर बदलून खेळाचा वेग फारसा वाढणार नाही. कार्ड अर्धे रिकामे बसले आहे आणि तरी खेळ अडखळतो, असे असेल तर प्रोसेसरकडे संशयाने पाहावे.

नंतर बोर्डाचे नेमके नाव आणि आवृत्ती उतरवून घ्यावी. ती बोर्डावरच छापलेली असते. नाव सारखे आणि आवृत्ती निराळी, असे पुष्कळदा असते. आणि एका बोर्डाची पोथी दुसऱ्यावर चालत नाही. बोर्डकर्त्या कंपनीच्या स्वतःच्या यादीत हवा तो प्रोसेसर शोधावा. त्याच्यासमोर लिहिलेले असते की तो पोथीच्या कोणत्या आवृत्तीपासून चालतो. काही बोर्डांना थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी घेता येत नाही. मधली एक पायरी आधी चढावी लागते. तेही तेथेच लिहिलेले असते. प्रोसेसर किती वॅटचा आहे हेही पाहावे. ५६०० आणि ५७००एक्स हे ६५ वॅटचे आहेत, तर खेळणाऱ्यांचा आवडता ५८००एक्स३डी १०५ वॅटचा. स्वस्त बोर्ड आणि लहान पंखा यांच्यावर मोठे इंजिन लादू नये.

येथे एक अडचण येते. नवा प्रोसेसर नव्या पोथीशिवाय चालत नाही, आणि पोथी बदलायला चालता प्रोसेसर लागतो. आधी कोंबडी की आधी अंडे! उत्तर असे की जुना प्रोसेसर जागेवर असतानाच पोथी बदलावी. ज्याने जुना आधीच विकून टाकला त्याची पंचाईत होते. काही बोर्डांवर प्रोसेसरशिवाय पोथी लिहिण्याचे बटण असते, सर्वांवर नसते. २०१८ साली अशा अडलेल्या ग्राहकांना एएमडीने पोथी बदलण्यापुरता एक प्रोसेसर उसना देण्याची योजनाही चालवली होती.

पोथी नेहमी बोर्डकर्त्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच उतरवावी. ती एफएटी३२ पद्धतीने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर ठेवावी, यंत्र सुरू होताना डिलीट किंवा एफ२ ही कळ दाबून पोथीच्या पडद्यावर जावे, आणि तेथे दिलेल्या साधनानेच ती चढवावी. तत्पूर्वी तीन कामे करावीत. घरचे फोटो, हिशेब, अभ्यास यांची प्रत वेगळ्या जागी ठेवावी. जुन्या पोथीतील आपल्या जुळण्यांची मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत, कारण नवी पोथी आली की त्या पुसल्या जातात. आणि विंडोजने डिस्कला बिटलॉकरचे कुलूप लावले असेल तर त्याची परतकिल्ली कागदावर लिहून घ्यावी. प्रोसेसर बदलला की त्याच्या आतील सुरक्षेची नोंद बदलते, विंडोजला यंत्र परके वाटते, आणि ते किल्ली मागते. किल्ली नसेल तर डिस्क आपली असून आपल्याला परकी होते.

मग वीज. पोथी लिहिली जाण्यास काही मिनिटेच लागतात. पण जुने पुसले गेले आहे आणि नवे पुरते लिहिले गेले नाही, अशा क्षणी वीज गेली तर बोर्ड मुका होतो. आपल्याकडे वळवाच्या पावसात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. म्हणून हे काम यूपीएस लावूनच करावे. साध्या इन्व्हर्टरवर विसंबू नये. तो काम हाती घेईपर्यंत जो क्षण जातो तेवढ्यात संगणक बंद पडू शकतो. आभाळ भरलेले असेल तर काम उद्यावर टाकावे. पडदा स्तब्ध दिसला तरी घाईने बटण दाबू नये. इतके करूनही बोर्ड मुका झालाच, तर तो फेकू नये. काही बोर्डांवर पोथीची दुसरी प्रत असलेली जादा चिप असते. नसेल तर कुशल कारागीर लहानशा प्रोग्रामर यंत्राने चिपेवर पोथी पुन्हा लिहू शकतो.

नवी पोथी चढली, आणि ती जुन्या प्रोसेसरला अजून ओळखत असेल, तर एकदा त्याच्यावरच यंत्र चालवून पाहावे. मग इंजिन बदलावे. पाच-दहा मिनिटे चालवल्याने पंख्याखालचा लेप मऊ होतो. त्यानंतर यंत्र बंद करावे, वायर काढावी, पेटीच्या लोखंडाला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. पंखा सरळ वर ओढू नये; हलके पिळून सोडवावा. एएम४ मध्ये प्रोसेसर लेपाला चिकटून पंख्याबरोबर उपटला जातो आणि १३३१ पिनांपैकी काही वाकतात. खाचेची दांडी वर करावी, जुना प्रोसेसर उचलावा, कोपऱ्यावरचा त्रिकोण खाचेवरच्या त्रिकोणाशी जुळवून नवा ठेवावा. तो आपल्या वजनाने खाली बसतो. बसत नसेल तर चूक दिशेची आहे. जोर हे तिच्यावर औषध नव्हे. दांडी खाली, वाटाण्याएवढा नवा लेप, पंखा, पंख्याची वायर. पहिल्या वेळी पडदा उजळायला मिनिट दोन मिनिटे लागली तर घाबरू नये, यंत्र स्मृतीची पारख करीत असते. नच उजळला तर वीज तोडून बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काही मिनिटे काढून पुन्हा बसवावा.

'चालत्या गाड्याला खीळ कशाला' म्हणून पोथीला कधीच हात लावू नये, असे मानणारेही आहेत. उगाच बदलू नये हे बरोबर. पण पोथीतच दोष निघतो तेव्हा काय? इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर जादा व्होल्टेजच्या मागणीमुळे झिजू लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने त्यावर नवी सूचनावली दिली, ती पोथीतूनच चढवायची होती, आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. मात्र जे प्रोसेसर आधीच झिजले ते या उपायाने बरे होत नाहीत. ज्याने वेळेवर वाचले आणि बदलले त्याचे यंत्र वाचण्याची आशा होती. तेव्हा नियम असा करावा: कारण कळल्याशिवाय बदलू नये, आणि कारण कळल्यावर टाळू नये.

घरातल्या पेटीवर मी इतका वेळ घेतला त्याला आणखी एक कारण आहे. आज कारखान्यातील यंत्रांनाही पोथी असते. पीएलसी असो, सीएनसी असो, लोखंड कामगाराच्या हातात आणि पोथी विक्रेत्याच्या हातात. ती वाचता-बदलता येणारा माणूस आणि नुसते बटण दाबणारा माणूस यांच्या वेतनात आणि मानात फरक पडतो. आपल्या देशात २०२२ साली सरकारने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठी पोर्टलही उघडले. पण दुरुस्ती करता येणारे हात नसतील तर हक्क कागदावरच राहतो. घरच्या संगणकावर, आपल्या खर्चाने आणि आपल्या जोखमीवर जो मुलगा हे शिकतो, तो उद्या कारखान्यातही 'यात काय लिहिले आहे ते मला दाखवा' असे म्हणू शकेल.

शेवटी एक सूचना करून आपली रजा घेतो. शिरूरला काय, दौंडला काय, एखाद्या वाचनालयाने किंवा तरुण मंडळाने एक चांगला यूपीएस, एक पेनड्राइव्ह आणि कोणाच्या तरी घरी पडून असलेला एखादा जुना एएम४ प्रोसेसर जपून ठेवावा, आणि ज्याची कोंबडी-अंड्याची पंचाईत झाली असेल त्याला तो एका संध्याकाळपुरता द्यावा. वहीत नाव लिहावे, सही घ्यावी, परत आणायची तारीख घालावी. पुस्तके आपण अशीच देतो.